‘तारा’मधला ‘आ’ कुठून आला?

मध्यंतरी एका नातलगाने मुलींच्या नावांची एक लांबलचक यादी मला पाठवली. प्रत्येक नावापुढे अर्थ आणि अर्थापुढे कंसात भाषा. ‘कियारा : प्रकाशमान (संस्कृत)’. ‘व्हेनेसा : फुलपाखरू (ग्रीक)’. मी त्याला विचारलं, ही यादी कुणी केली? उत्तर आलं, ‘फॉरवर्डेड आहे’.

कियारा संस्कृत नाही. इटालियनमध्ये ‘क्यारा’ आहे, ते लॅटिन ‘क्लारा’चं, म्हणजे ‘स्वच्छ, उजळ’ या शब्दाचं रूप. लॅटिनमधला ‘क्ल’ इटालियनमध्ये नेमाने ‘क्य’ होतो. किल्लीसाठी लॅटिनमध्ये ‘क्लाविस’, तर इटालियनमध्ये ‘क्यावे’. इथवर यादीतला अर्थ निदान जवळपास आला. पण आयर्लंडमध्ये ‘कीअरा’ हे वेगळंच नाव आहे, आणि ते ‘कीअर’ म्हणजे ‘काळा, सावळा’ या शब्दापासून निघालं. कानाला जवळजवळ सारखीच वाटणारी ही दोन नावं, एकाचा अर्थ उजेड आणि दुसऱ्याचा काळोख. आता यादीवाल्याने काय करावं?

व्हेनेसाची गोष्ट याहून मजेची. हे नाव ग्रीकमध्ये कधी नव्हतंच. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने ते १८व्या शतकाच्या सुरुवातीला चक्क घडवलं. एस्थर व्हॅनहॉम्री या मैत्रिणीच्या आडनावातला ‘व्हॅन’ घेतला, ‘एस्थर’चं लाडकं रूप ‘एसा’ त्याला जोडलं आणि झालं नाव तयार. पुढे १८०७ मध्ये कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने फुलपाखरांच्या एका प्रजातीला व्हेनेसा हे नाव दिलं. म्हणजे नाव आधी, फुलपाखरू नंतर. यादीत मात्र फुलपाखरावरून नाव निघालंय. लेकीवरून आईचा जन्मदाखला काढावा तसं.

मुळात ‘नावाचा अर्थ’ हा प्रश्नच सगळीकडे सारखा लागू होत नाही. प्राचीन रोममध्ये मुलीला घराण्याच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप मिळे. जुलियस घराण्यातली ती जुलिया, कॉर्नेलियस घराण्यातली ती कॉर्नेलिया. जुलियस सीझरच्या दोन्ही बहिणी जुलियाच होत्या, मग थोरली आणि धाकटी असा फरक करायचा. तिथे ‘जुलिया’चा अर्थ एवढाच की ही जुलियस घराण्यातली. घानामधल्या अकान लोकांत नावावरून जन्मवार कळतो. गुरुवारची मुलगी ‘या’, शनिवारची ‘आमा’, शुक्रवारची ‘अफुआ’. १९०० साली इंग्रजांविरुद्धच्या असांते राज्याच्या युद्धाचं नेतृत्व करणारी या असांतेवा गुरुवारी जन्मली होती, हे तिच्या नावातच लिहिलेलं आहे. बालीत तर जन्माचा क्रम हेच नाव असतं. पहिलं अपत्य वायान, चौथं केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. मुलगी असेल तर नावाआधी ‘नी’ लावायचं. जुन्या जर्मन लोकांची तऱ्हा आणखी निराळी. ते दोन तुकडे जोडून नाव करत आणि तुकडे बहुधा आईबापांच्या नावांतून उचलत. ‘फ्रीड’ म्हणजे शांतता, ‘गुंड’ म्हणजे युद्ध. तरीही फ्रेडेगुंड नावाची राणी होऊन गेली. शांतता-युद्ध! तुकड्यांची बेरीज करून काही अर्थ निघावा, अशी कुणाची अपेक्षाच नसावी.

हे सगळं गमतीचं आहे, पण मला खरी ओढ आहे ती नावांच्या शेवटाची. तारा, जुलिया, सोफिया, व्हिक्टोरिया, श्रद्धा, अ‍ॅना. हा ‘आ’ येतो कुठून? ‘आ’ हा कोमल स्वर आहे म्हणून तो स्त्रियांच्या नावात, असं उत्तर लोक ठोकून देतात. स्वराला कोमल कुणी ठरवलं? ‘आ’ तर ‘राजा’तही आहे.

उत्तर शोधायला आपण ‘तारा’च घेऊ. इंग्रजीत स्टार, फारसीत सितारा, लॅटिनमध्ये स्टेला. संस्कृतसकट या सगळ्या भाषा एकाच मूळ भाषेच्या लेकी. ऋग्वेदात ‘ताऱ्यांनी’ या अर्थी ‘स्तृभिः’ असं रूप येतं, म्हणजे आपल्याकडेही मुळात ‘स’ होता, तो ‘तारा’त गळला. (अ‍ॅस्ट्रिड या नॉर्वे-स्वीडनकडच्या नावाला मात्र ताऱ्याशी जोडू नका. ते ‘देव’ आणि ‘सुंदर’ अशा दोन शब्दांचं आहे.) पण ग्रीकमध्ये तारा म्हणजे ‘अस्तेर’ आणि आर्मेनियनमध्ये ‘अस्तघ’. या दोघांच्याच सुरुवातीला ‘अ’ का? तो त्यांनी पदरचा घातला की बाकीच्यांनी हरवला?

इथे एका एकवीस वर्षांच्या पोराची गोष्ट सांगावी लागते. फर्दिनां द सोस्यूर, लाइपझिगमध्ये शिकणारा स्विस विद्यार्थी. १८७९ सालच्या आपल्या निबंधात त्याने संस्कृत आणि ग्रीक धातूंमधले, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांमधले, स्वर तपासले. संस्कृतात धातूचं भरलेलं आणि आक्रसलेलं अशी दोन रूपं दिसतात. ‘भरण’मध्ये ‘भर्’, ‘भृत’मध्ये ‘भृ’. मधला ‘अ’ गळला की उरलेलं व्यंजन स्वराचं काम करतं. मग ‘स्थान’ आणि ‘स्थित’ यांचं काय? भरलेलं रूप ‘स्था’, आक्रसलेलं ‘स्थि’. सोस्यूर म्हणाला की हा ‘आ’ मुळात एक स्वर नाहीच. तो ऱ्हस्व स्वर अधिक एक अज्ञात ध्वनी अशी जोडी आहे. आक्रसताना स्वर जातो, अज्ञात ध्वनी एकटा उरतो, आणि संस्कृतात तोच ‘इ’ होऊन दिसतो. भरलेल्या रूपात मात्र तो ध्वनी स्वतः नाहीसा होतो आणि जाताना आधीच्या स्वराला दीर्घ करून जातो.

हे अवघड वाटलं तर मराठीकडेच बघा. ‘सप्त’चं प्राकृतात ‘सत्त’ झालं आणि मराठीत ‘सात’. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’. ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’. जोडाक्षरातलं एक व्यंजन गेलं, पण त्याला लागणारा वेळ वाया गेला नाही. तो आधीच्या ‘अ’ला मिळाला आणि ‘अ’चा ‘आ’ झाला. भाषेच्या वहीत असा हिशेब चुकता होतो.

सोस्यूरची अडचण अशी की त्याचा अज्ञात ध्वनी कुठल्याही ज्ञात भाषेत सापडत नव्हता. एक आकडेमोड आणि त्यावरचा विश्वास, एवढाच पुरावा. नेपच्यून ग्रहाचं तसंच झालं होतं. युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून त्याची जागा आधी कागदावर ठरली आणि मग १८४६ मध्ये तो दुर्बिणीत दिसला. सोस्यूरची दुर्बीण तुर्कस्तानात बोआझकोयच्या मातीत पुरलेली होती. तिथल्या उत्खननात १९०६ पासून कीलाक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीतल्या, हजारो मातीच्या पाट्या निघाल्या. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनीने दाखवून दिलं की त्यांतली हित्ती नावाची प्राचीन भाषा ही संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची नातलग आहे. आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ येर्झी कुरिलोविचच्या लक्षात आलं की सोस्यूरने जिथे अज्ञात ध्वनी असावा म्हटलं होतं, नेमकं तिथेच हित्तीत ‘ह’साठीचं चिन्ह आहे. घशातून घासत येणारा, अरबी ‘ख़’च्या जवळचा ध्वनी असावा तो. सोस्यूर १९१३ मध्येच वारला होता.

आता उदाहरणं बघा. संस्कृतात ‘पा’ म्हणजे रक्षण करणे, हित्तीत ‘पह्स्’. ‘ह’ गेला, ‘अ’ दीर्घ होऊन ‘आ’ झाला. पांढऱ्यासाठी हित्तीत ‘हर्की’, संस्कृतात ‘अर्जुन’. आणि ताऱ्यासाठी हित्तीत ‘हस्तेर्झ’! म्हणजे ग्रीकांनी ‘अ’ पदरचा घातला नव्हता. मुळात तिथे ‘ह’ होता. ग्रीक आणि आर्मेनियनमध्ये तो जाताना मागे ‘अ’ ठेवून गेला, आपल्याकडे काहीच न ठेवता गेला.

हाच ध्वनी मूळ भाषेत एका प्रत्ययातही होता. ‘-एह्’ असा काहीसा तो प्रत्यय. वरच्या नियमाने त्याचं ‘-आ’ झालं. याच ध्वनीआधी ‘इ’ असेल तर ‘-इह्’चं ‘-ई’ झालं. तारा, रमा, मेधा एकीकडे आणि देवी, सरस्वती, पार्वती दुसरीकडे, दोन्ही शेवट एकाच हरवलेल्या ‘ह’ची मागे राहिलेली सावली आहेत. ‘तारा’ हे नाव तर नमुनेदार. त्याच्या सुरुवातीचा ‘ह’ ठसाही न ठेवता गेला, आणि शेवटचा गेला तो ‘आ’ होऊन राहिला.

पण हा प्रत्यय स्त्रीलिंगी मुळात नव्हताच, हे मला सगळ्यात आवडणारं प्रकरण. हित्ती भाषेत स्त्रीलिंगच नाही. सजीव-निर्जीव अशी ढोबळ दोन लिंगं, बस. बहुतेक अभ्यासकांच्या मते हित्तीची शाखा सगळ्यात आधी फुटली आणि स्त्रीलिंग उरलेल्यांत नंतर तयार झालं. त्याआधी हा प्रत्यय समूह किंवा भाव दाखवायचा. त्याचा पुरावा नपुंसकलिंगात अडकून पडलाय. वैदिक संस्कृतात ‘युगम्’चं अनेकवचन ‘युगा’ असंही होतं, लॅटिनमध्ये ‘ओपुस’चं (म्हणजे काम, कृती) ‘ओपेरा’. स्त्रीलिंगी एकवचनात येतो तोच ‘आ’. जुन्या ग्रीकमध्ये तर नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला क्रियापद एकवचनी लागायचं, कारण ती अनेक वस्तूंची एकच मोळी. ‘ओपेरा’ पुढे इटालियनमध्ये रीतसर स्त्रीलिंगी एकवचन होऊन बसला.

मोळीतून भाव, आणि भावातून स्त्रीलिंग. म्हणून संस्कृतात ‘-ता’ लावून केलेली भाववाचक नामं झाडून सगळी स्त्रीलिंगी आहेत. नम्रता, ममता. अमृता मात्र नव्हे बरं का, ती वेगळी, ‘अमृत’चं साधं स्त्रीलिंगी रूप. ग्रीकमध्ये सोफिया म्हणजे शहाणपण, लॅटिनमध्ये व्हिक्टोरिया म्हणजे विजय. सद्गुणांची नावं मुलींना जास्त का, याचं अर्धं उत्तर व्याकरणात आहे. भाव आधीच स्त्रीलिंगात जाऊन बसले होते, देवता झाल्या तेव्हा देवी झाल्या, आणि देवींची नावं मुलींना मिळाली. नैसर्गिक नम्रता वगैरेचा यात काही संबंध नाही.

इथे आणखी एक पथ्य पाळायला हवं. फातिमा, अमीना, खदीजा यांचा ‘आ’ हा आपला ‘आ’ नव्हे. अरबीत स्त्रीलिंगाचा प्रत्यय ‘-अत’ आहे. थांबून म्हटलं की त्यातला ‘त’ गळतो आणि कानाला नुसता ‘आ’ येतो. तोच प्रत्यय फारसीतून आलेल्या नावांत कधी ‘त’सकट टिकला, जसं नुसरत, इफ्फत. वटवाघळाला पंख आहेत म्हणून ते पक्षी होत नाही, तसंच हे. दोन वेगळ्या भाषाकुळांत दोन वेगळ्या वाटांनी एकच शेवट तयार झाला. आणि तो शेवट असूनही हमजा आणि तल्हा ही पुरुषांची नावं आहेत. निकिता रशियात पुरुष असतो, ग्रीक ‘निकेतास’ म्हणजे विजेता यावरून. इटलीत लुका, आंद्रेआ, निकोला सगळे बुवाच. जपानमध्ये बायकांच्या नावाला वळण ‘को’चं, म्हणजे मूल. हारुको, आकिको. पण ६०७ साली जपानचा दूत म्हणून चीनच्या दरबारात गेलेला ओनो नो इमोको पुरुष होता, त्या काळी ‘को’ दोघांनाही चालायचा.

त्यामुळे कुणी रोमन लिपीत नावाच्या शेवटी एक ‘ए’ जास्त लावून भाग्य उघडून देतो म्हणाला, तर त्याला नाव देवनागरीत लिहून दाखवा आणि विचारा, आता तो जादा ‘ए’ कुठे गेला? अंकशास्त्राला हित्तीही येत नाही आणि बाराखडीही.

राहता राहिली मराठी, आणि ती इथे चांगलीच पेचात टाकते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घासून आलेल्या शब्दांत मराठीने तो संस्कृत स्त्रीलिंगी ‘आ’ टाकून दिला. मालाची माळ झाली, जिह्वाची जीभ, शय्याची शेज. उलट ‘घोटक’चा ‘क’ गळून ‘घोडा’ झाला, आणि मराठीत ‘आ’ पुरुषाकडे गेला. मुलगा, घोडा, आंबा. स्त्रीलिंगाला उरली ‘ई’. मुलगी, घोडी. म्हणजे आपल्या रोजच्या व्याकरणात ‘आ’ पुल्लिंगी आणि मुलीच्या नावात मात्र तो स्त्रीलिंगी, कारण तारा, रमा, मेधा ही नावं संस्कृतातून जशीच्या तशी उचललेली. उचललेली नव्हे, झिजत आलेली नावं हवी असतील तर ‘सखी’ची झालेली सई बघा, किंवा ‘राधिका’ची झालेली राही. दोन्हींच्या शेवटी ‘ई’ आहे. त्या यादीत ‘राही : प्रवासी (फारसी)’ असं होतं. फारसीत तसा शब्द आहे खरा, पण आरतीतली ‘राही रखुमाबाई’ म्हणताना कुणी वाटसरूला हाक मारत नसतं.