हवा भरलेला टायर : एकच शोध, दोनदा

हवेच्या टायरचा विषय निघाला की डनलॉपचं नाव ओघाने येतंच. पेटंटच्या दप्तरी मात्र हा मान दुसऱ्याचा आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्येच, वयाच्या तेविशीत, हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. आत रबर चढवलेल्या कॅनव्हासची नळी, वरून चामड्याचं कवच. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाड्यांना ही चाकं लावून दाखवली गेली. गाडी हलकी चालते आणि आवाजही करत नाही, हे लोकांनी पाहिलं. पण रबर महाग, सायकलींचं युग अजून दूर आणि मोटारीचा तर पत्ताच नाही. गिऱ्हाईक कुठून येणार? पुढे थॉमसन स्वतःच भरीव रबराकडे वळला.

चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तोच उद्योग नव्याने केला. पातळ रबराची नळी चिकटवून त्याने ती लाकडी चकतीवर बसवली, फुटबॉलच्या पंपाने हवा भरली आणि चकती अंगणात ढकलली. तीनचाकीचं मूळ चाकही तसंच ढकलून पाहिलं, पण ते तिच्याइतकं लांब गेलं नाही. १८८८ मध्ये पेटंट, १८८९ मध्ये सायकलपटू विली ह्यूमने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती मारल्या, आणि धंदा उभा राहिला. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं पेटंट बाद झालं, तरी गाडं थांबलं नाही. यावेळी रस्त्यावर सायकली होत्या ना!

खरी डोकेदुखी होती पंक्चरची. टायर रिमला चिकटवलेला असे. तो खरवडून काढायचा, जोडायचा आणि गोंद सुकेपर्यंत हात बांधून बसायचं. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँच्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर काढला आणि पंक्चरचं काम मिनिटांवर आलं. माझ्या मते हवेचा टायर सामान्यांच्या हाती आला तो इथे.

त्या काळातली एक वस्तू आपल्याकडच्या सायकल दुकानांत अजूनही मिळते : वूड्स व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायची तोटी, आणि त्यावर चढवायची बोटभर रबरी वालट्यूब. ती कुजली की नवा टायरसुद्धा रातोरात बसतो, आणि दुकानदार पंक्चर शोधण्याआधी तीच तपासतो.