बॉन्समारा: मोजमापातून घडलेली गुरांची जात

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या तापलेल्या झुडपी रानात ब्रिटनमधून आलेल्या हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न गुरांचे फार हाल व्हायचे. ऊन चढलं की ती धापा टाकत सावली गाठायची, चरणं थांबायचं, वासरं खुरटी राहायची. त्यात गोचिडांमुळे होणारे रोग. तिथली वशिंडाची आफ्रिकानर गाय त्याच उन्हात चरत राही, पण ती वाढायची सावकाश आणि वयातही उशिरा यायची. मांसासाठी गुरं पाळणाऱ्याला दोन्ही परवडत नव्हत्या.

पशुशास्त्रज्ञ जान बॉन्स्मा यांनी १९३७ च्या सुमारास मारा इथल्या सरकारी संशोधन केंद्रात या जातींचा संकर सुरू केला; त्यातूनच पुढे बॉन्समारा ही जात घडली. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती मोजणी. जनावराच्या अंगाचं तापमान, वासरांची वजनं, कातडीची जाडी, सगळ्याची नोंद व्हायची. केसांची परीक्षा तर अगदी साधी होती: थोडे केस ओले करून तळहातांत चोळायचे. लोकरी केसांचा घट्ट गोळा होई, आखूड तुळतुळीत केस सुटेच राहत. गोळा होणाऱ्या केसांची गुरं उन्हात जास्त तापत आणि वाढीत मागे पडत. अशी आवरणं म्हणजे उकाड्यात अंगावर घोंगडी! गुळगुळीत अंगावर गोचिडांनाही धरायला जागा कमी मिळते.

पहिल्या पिढीची संकरित वासरं सहसा जोमदार निघतात. खरी कसोटी पुढे लागते. संकरित नर-मादी एकमेकांशी लावले की जनुकांची नव्याने वाटणी होते, एकाच कळपात नाना तऱ्हेची वासरं जन्मतात आणि सुरुवातीचा जोमही काहीसा ओसरतो. म्हणून प्रमाण ठरवून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. निम्म्या आणि पाऊण आफ्रिकानर रक्ताची जनावरं एकत्र आणली की संततीत ते ५/८ येतं. उरलेलं ३/८ हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्नमध्ये सारखं विभागलं, प्रत्येकी ३/१६.

पण नुसत्या अपूर्णांकाने जात घडत नाही. वेळेवर गाभण न राहणारी गाय कितीही देखणी असली तरी बॉन्स्मांच्या लेखी ती निकामी होती. १९६४ मध्ये पैदासकारांची संघटना उभी राहिली, तिनेही हीच शिस्त उचलली: कळपातल्या जनावरांच्या कामगिरीची नोंद सभासदांना बंधनकारक केली.