रीमर मारल्यानं भोक जागेवर येत नाही

"रीमर मार, भोक सरळ होऊन जाईल." नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या टर्नरपासून घरामागे टिनाखाली जुना लेथ मांडून बसलेल्या हौशी माणसापर्यंत सगळ्यांकडून हे ऐकून कान किटले. होत नाही सरळ.

ड्रिल सगळ्यांना माहीत आहे, ते सोडा. रीमर आणि बोरिंग टूल ही दोन्ही हत्यारं आधी पाडलेलं भोक मोठं करतात, म्हणून घोळ होतो. रीमरला पुष्कळ धारा, बोरिंग टूलला एकच, हे तर पाहूनही कळतं. भोकाची जागा कोण ठरवतं, तिथं माणसं फसतात.

रीमर मेंढरासारखा, आधीचं भोक जिकडे गेलं तिकडे जाणार. भोक तिरकं असेल तर तिरकंच राहील, फक्त मापात आणि गुळगुळीत. बोरिंग टूल टूलपोस्टमध्ये, म्हणजे लेथवर हत्यार धरायच्या जागी, आवळलेलं असतं. त्याला जुन्या भोकाशी काही घेणंदेणं नाही. नग धरून फिरवणारा चक ज्या मध्यावर फिरतो, भोक त्याच मध्यावर पडतं.

परवा एक जण बिडाची पुली घेऊन आला. ओतीव भोकच सरकलेलं, ड्रिल त्याच्यामागे गेलं, वरून २० मिमीचा रीमर. भोक आरशासारखं, शाफ्ट अगदी बेताचा. "मग पट्टा काऊन फडफडते भाऊ?" भोकावर धरून फिरवली, डगमग मोजायचा डायल लावला, बाहेरचा घेर ०.६ मिमी आउट. म्हणजे भोक ०.३ नं बाजूला. रीमरनं काम चोख केलं होतं, चुकीच्या जागी.

पुली चार जॉच्या (जबड्यांच्या) चकात बाहेरच्या घेरावरून डायलनं धरली आणि बोरिंग टूल आत घातलं. खर्र... गप्प... खर्र... गप्प. एकाच बाजूनं कापत होतं. चौथ्या कटला आवाज सलग झाला, तेव्हा भोक मध्यावर आलं. पण ते आता २० पेक्षा मोठं झालेलं, मग २६ पर्यंत नेऊन बुश (धातूची नळी) ठोकला, त्याला तिथंच १९.८ पर्यंत बोरिंग केलं आणि शेवटी रीमर मारला.

एकच नग असेल तर मी रीमर काढतही नाही, बोरिंगनंच माप गाठतो. पन्नास बुश असतील तर गोष्ट वेगळी. बोरिंग टूलचा बार (दांडा) मात्र जाडीच्या चौपटीपेक्षा बाहेर काढू नका, तो लवतो. शेवटचा कट तोच ठेवून दोनदा फिरवा.

आणि रीमर उलटा फिरवून बाहेर काढू नका. चुरा धारेखाली अडकतो, धार तुटते. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला माझा २० चा असाच गेला, फक्त एका दुपारसाठी उसना दिला होता.