घुबड दिसलं की इल्युमिनाटी?

अठराव्या शतकातल्या युरोपीय कोरीव चित्रात मिनर्व्हा, म्हणजे रोमनांची बुद्धीची देवी, आणि तिचं घुबड दिसलं, की ‘ही इल्युमिनाटींची खूण’ असा फॉरवर्ड फिरतोच. त्यात तथ्य एवढंच: १७७६ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात निघालेल्या इल्युमिनाटी या गुप्त मंडळाने आपल्या एका पायरीच्या सभासदांना ‘मिनर्व्हल’ म्हटलं आणि बिल्ल्यावर घुबड घेतलं. पण ते उसनंच. मिनर्व्हाचं ग्रीक रूप म्हणजे अथेना, आणि इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिच्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर ते डोळे वटारून बसलेलं होतं.

बर्लिनचा चित्रकार डॅनिएल खोडोविएत्स्की याचं १७९१ चं चित्र बघा. शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा आणि तिच्या आश्रयाला वेगवेगळ्या धर्मांची माणसं. विषय उघड आहे, धार्मिक सहिष्णुता. गुपित कसलं डोंबलाचं! शिवाय बव्हेरियात त्या मंडळावर त्याआधीच, १७८५ पर्यंत, बंदीही आली होती.