'भाषेचं जनुक' म्हणे!

"माणूस बोलू लागला तो फॉक्सपी२ या एका जनुकामुळे" हे वाक्य गेली वीसेक वर्षं फिरतंय. मुळाशी गोष्ट खरी आहे. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना बोलणं जड जायचं; ओठ-जिभेच्या झटपट हालचालीच जमत नसत. २००१ मध्ये त्यांच्या या जनुकात बिघाड सापडला आणि वर्तमानपत्रांनी बारसं उरकून टाकलं.

पण हे जनुक उंदरांत आहे, गाणाऱ्या पक्ष्यांतही. या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनात, माणसात चिंपांझीपेक्षा दोन अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) वेगळी, हे खरं. मात्र ते दोन्ही बदल निअँडरथल या आपल्या नामशेष भाऊबंदांमध्येही होते, हे २००७ मध्ये कळलं. माणसात ते अलीकडेच झपाट्याने पसरले, हा दावा तर २०१८ च्या फेरतपासणीत टिकलाच नाही. इतर अनेक जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रकांपैकी हे एक, इतकंच.

शिवाय भाषा घडायला माणसं लागतात. १९७० च्या दशकाअखेरीस मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात, राजधानी मनाग्वातल्या शाळेत कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. पोरांनी एकमेकांत खाणाखुणा करत स्वतःचीच भाषा उभी केली, आणि मागून आलेल्या धाकट्यांनी तिचं व्याकरण पक्कं केलं.