आयआयएएसए, लाक्सेनबर्ग

आयआयएएसए : ऑस्ट्रियातील एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था. पूर्ण नाव इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स ॲनालिसिस. व्हिएन्नाच्या दक्षिणेस लाक्सेनबर्ग या छोट्या गावी, हाब्सबुर्ग सम्राटांच्या उन्हाळी राजवाड्यात ती आहे. (युवराज रुडोल्फचा जन्म १८५८ साली याच वाड्यातला.) ऊर्जा, हवा, शेती, पाणी आणि माणसांची संख्या हे प्रश्न सुटेसुटे न घेता एकमेकांत गुंतलेले आहेत असे धरायचे आणि संगणकावरच्या मॉडेलमधून त्यांचा माग काढायचा, ही इथली पद्धत. हवामान बदलाच्या जागतिक अहवालांत या शतकाच्या अखेरीच्या लोकसंख्येचे जे आकडे वापरले जातात, त्यांचे उगमस्थान बऱ्याच अंशी हीच संस्था आहे.

संस्थेचा जन्म शीतयुद्धातला. अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अशी सामायिक संस्था काढण्याबद्दल सोव्हिएत रशियाशी बोलणी करण्याचे काम आपले माजी सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्यावर सोपवले. पलीकडून बोलायला होते जेर्मेन ग्विशियानी, पंतप्रधान कोसिगिन यांचे जावई. बोलणी काही वर्षे रेंगाळली आणि अखेर ४ ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत १२ देशांच्या प्रतिनिधींनी सनदेवर सह्या केल्या. सह्या सरकारांच्या नव्हत्या. विज्ञान अकादम्या आणि तत्सम संस्थांच्या होत्या. पूर्व जर्मनीला पाश्चात्त्य देशांची मान्यता नव्हती, त्यामुळे दोन्ही जर्मनींना एका टेबलाशी बसवायचे तर हीच वाट मोकळी होती. हार्वर्डचे हॉवर्ड रायफा पहिले संचालक झाले, ग्विशियानी संस्थेच्या नियामक परिषदेचे अध्यक्ष.

सुरुवातीपासून इथे मोठी माणसे येत गेली. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७५ मध्ये इथेच कार्बन डायऑक्साइडवर नियंत्रण ठेवता येईल का, यावर एक टिपण लिहिले. सरासरी तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तर गेल्या काही लाख वर्षांत पृथ्वीने पाहिलेल्या मर्यादेबाहेर आपण जाऊ, असे त्यात म्हटले होते. तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवण्याच्या मर्यादेचा इतिहास सांगताना आजही या टिपणापासून सुरुवात होते. नॉर्डहाउस यांना २०१८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सगळेच प्रयोग असे टिकले नाहीत. जर्मन अणुशास्त्रज्ञ वोल्फ हेफेले यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चाललेला जागतिक ऊर्जा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अणुऊर्जेकडे त्याचा उघड कल होता. १९८४ मध्ये बिल कीपिन आणि ब्रायन विन यांनी 'नेचर'मध्ये त्याची चिरफाड केली: निष्कर्ष मॉडेलमधून निघालेलेच नाहीत, आत जे गृहीत धरले तेच बाहेर आले आहे. टीका झोंबणारी होती, पण रास्त होती. मॉडेलवर विसंबणाऱ्या प्रत्येक शास्त्राला आजही ती लागू पडते. त्याच सुमारास रेगन सरकारने पैसा थांबवला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सदस्यत्व सोडले. पुढे अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अकादमीने ती जागा घेतली म्हणून अमेरिका पूर्ण बाहेर पडली नाही.

संस्थेची पत सावरली ती आम्लवर्षेच्या कामामुळे. एका देशाच्या धुराड्यातला गंधक दुसऱ्या देशाच्या तळ्यात उतरतो, तेव्हा खर्च कोणी सोसायचा? १९८५ च्या हेलसिंकी करारात सर्वांना सरसकट ३० टक्के कपात लावली होती. लाक्सेनबर्गच्या 'रेन्स' मॉडेलने वेगळा हिशेब मांडला: कुठला धूर कुठे जातो, तिथली माती किती आम्ल पचवू शकते आणि सर्वांत कमी पैशात कपात कुठे होईल. १९९४ च्या ऑस्लो करारात या हिशेबाच्या आधारे प्रत्येक देशाला वेगवेगळे उद्दिष्ट मिळाले. वाटाघाटीत दोन्ही बाजू एकच मॉडेल मानतात, असे क्वचितच घडते. 'रेन्स'चा वारसदार 'गेन्स' आता भारत आणि चीनमधील हवेच्या अभ्यासातही वापरला जातो.

लोकसंख्येचे काम मात्र या संस्थेची खरी ओळख ठरले. एरवी लोकसंख्येचा अंदाज वय आणि लिंग धरून बांधतात. १९७० च्या दशकात इथे आंद्रेई रॉजर्स यांनी स्थलांतराचे गणित बसवले. त्यात माणसे एका प्रदेशातून दुसऱ्यात जातात. वोल्फगांग लुट्झ आणि सहकाऱ्यांनी तेच गणित उचलले आणि प्रदेशांच्या जागी शिक्षणाच्या पायऱ्या ठेवल्या: शाळेचे तोंड न पाहिलेल्यांपासून पदवीपर्यंत. पाच-पाच वर्षांनी पुढे सरकायचे. आज १५ ते १९ वयोगटात असलेली मुलगी दहावीनंतर थांबली तर तीस वर्षांनी ती दहावी शिकलेलीच असणार. तिला किती मुले होतील आणि ती किती जगेल हे दर त्या पायरीचे लावायचे. शिक्षण एकदा पदरी पडले की जात नाही, म्हणून हा अंदाज बराच दूरवर नेता येतो.

२००१ साली लुट्झ, सँडरसन आणि शेर्बोव यांनी 'नेचर'मध्ये लिहिले की हे शतक संपण्याआधी जगाची लोकसंख्या वाढायची थांबेल, याची शक्यता सुमारे ८५ टक्के आहे. लोकसंख्येच्या स्फोटाची भाषा अजून चालू होती, त्या काळात हे धाडसाचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजातही शिखर २०८० च्या दशकात, सुमारे १,०३० कोटींवर येते.

हवामानाच्या अभ्यासात जग पुढे कुठल्या वाटेने जाईल याची पाच भविष्यचित्रे वापरतात, त्यांना 'एसएसपी' (शेअर्ड सोशिओइकॉनॉमिक पाथवेज) म्हणतात; त्यांची लोकसंख्या याच पद्धतीवर उभी आहे. समीर के.सी. आणि लुट्झ यांनी २०१७ मध्ये ती मांडली. पहिल्या, शाश्वत वाटेच्या चित्रात २१०० साली जगात सुमारे ६९० कोटी माणसे. मधल्या चित्रात ९०० कोटी. आणि देशादेशांत वैर, शाळांची आबाळ असलेल्या तिसऱ्या चित्रात १,२६० कोटी. पण उत्सर्जन सर्वांत जास्त निघते पाचव्या चित्रात. तिथे माणसे केवळ ७४० कोटी, सर्व शिकलेली, श्रीमंत आणि कोळसा-तेलावर मनमुराद जगणारी. गरिबांची मुले मोजून हवामान बदलाचा दोष वाटणाऱ्यांना हा आकडा अडचणीचा आहे. तिसऱ्या चित्राचे दुखणे वेगळे: उष्णतेची लाट, पूर, दुष्काळ आले की तोंड द्यायला त्या जगाकडे सर्वांत कमी बळ असेल.

या मांडणीवर आक्षेप आहे तो कार्यकारणाचा. जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) शाळेमुळे उतरतो, की शाळेबरोबर येणारी कमाई, उशिरा लग्न आणि दवाखाना यांमुळे? लुट्झ यांचा भर शाळेवर आहे. सर्वांना ते पटत नाही. आकडे मात्र बोलके आहेत. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८ आहे.

मुंबईशी आणखी एक धागा आहे. किरीट पारीख यांनी १९८० ते १९८६ या काळात लाक्सेनबर्गच्या अन्न आणि शेती विभागाचे नेतृत्व केले. परतल्यावर ते गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले. ज्योती पारीख यांनीही दोन्ही ठिकाणी ऊर्जेवर काम केले. भारत टायफॅक या सरकारी संस्थेमार्फत आयआयएएसएचा सदस्य झाला. तरुण संशोधकांसाठी संस्थेचा तीन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम १९७७ पासून चालू आहे.