ब्रेकचं तेल जातं कुठं? जुन्या जीपच्या गळतीमागची शंभर वर्षं

मराठवाड्यात जुन्या गाडीचा विषय निघाला की फियाट-ॲम्बेसेडर नंतर आठवते, आधी जीप. पुढाऱ्याची जीप, साखर कारखान्याची जीप, तहसीलची जीप, आणि उतारवयात बारा-पंधरा माणसं कोंबून तालुक्याला धावणारी काळी-पिवळी. त्यातल्या कितीतरी आज शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत आणि नातवंडांना त्या पुन्हा रस्त्यावर काढायची हौस आलीय. इंजिन दोन दिवसांत बोलतं. ब्रेक मात्र महिना खातात. पेडल थेट पत्र्याला टेकतं, किट (ब्रेकच्या आतले रबरी भाग) बदललं तरी आठवड्यानं तीच गत, आणि मिस्त्री सांगतो, ‘व्हॉल्व्ह गेलाय.’ कोणता व्हॉल्व्ह, आणि तो तिथं आला कशासाठी?

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक दांड्या आणि तारांवर चालत. चारही चाकांची तार सारखी ओढली जाणं जवळपास अशक्य, म्हणून ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढली जायची. विमानांच्या धंद्यातल्या लॉकहेड भावांपैकी माल्कम यानं यावर द्रवाचा उपाय शोधला आणि 1917 साली पेटंट मिळवलं. बंद नळीतल्या द्रवाला एका टोकाला दाबलं की तो दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो. 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना हे ब्रेक आले. पण पिस्टनवरचे सील होते कातड्याचे. ते सुकायचे, आकसायचे आणि तेल झिरपायचं. 1924 च्या क्रायसलर गाडीत रबराचे कप, म्हणजे वाटीसारखे सील, आले तेव्हा कुठं हे प्रकरण भरवशाचं झालं. हेन्री फोर्डचा तरीही विश्वास बसेना. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच बरं म्हणत त्याच्या कंपनीनं 1939 पर्यंत वाट पाहिली. त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. तार सैल झाली तर डोळ्यांना दिसते, तेल गेलेलं पेडल खाली बसल्यावरच कळतं.

रबर आलं आणि नवी अडचण घेऊन आलं. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगतं. म्हणून सुरुवातीच्या ब्रेक ऑइलमध्ये असायचं चक्क एरंडेल, पातळ राहावं म्हणून अल्कोहोल मिसळलेलं. एरंडेलाचा रबराला त्रास होत नाही. (बांधावरच्या एरंडाचा मोटारीशी एवढा जुना संबंध असेल असं आपल्याला कधी वाटलं होतं?) अल्कोहोल मात्र लवकर उकळतं. लांब उतारावर ब्रेकचे ड्रम (चाकासोबत फिरणारे लोखंडी डबे) तापले की नळीत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळं पेडल पोकळ लागतं. कन्नडहून चाळीसगावकडं उतरणारा औट्रम घाट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढं ग्लायकॉलची तेलं का आली ते कळेल. आजच्या डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा 140 वर येते. ग्लायकॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, त्याला इलाज नाही. म्हणूनच चालत्या गाडीपेक्षा चार पावसाळे शेडमध्ये काढलेली गाडी जास्त गळते. व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला तेलाच्या दाबानं ब्रेक रेटणारा सिलिंडर, आतून गंजतो, त्याला खड्डे पडतात, आणि नव्या रबराची कड त्या खड्ड्यांवर घासून फाटते. एक किट आठवड्यात जातं ते यामुळं. किट टाकण्याआधी सिलिंडरमधून बोट फिरवून बघा. खरखर लागली तर सिलिंडरच बदला.

आता व्हॉल्व्ह. ड्रम ब्रेकमध्ये पेडल सोडलं की स्प्रिंगा शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) मागं खेचतात आणि तेल पेडलजवळच्या, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडं परततं. ते एकदम परतलं तर व्हील सिलिंडरमधले कप क्षणभर सैल पडतात आणि कडेनं हवा आत येते. तेल बाहेर जात नाही, हवा आत येते. ही गळती जमिनीवर डाग सोडत नाही. त्यावर उपाय म्हणून मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह आला. तो नळीत दर चौरस इंचाला 10 पौंडांच्या आसपास दाब राखून ठेवतो, म्हणजे कपाच्या कडा भिंतीला चिकटून राहतात. दोन-तीन पंप मारल्यावर पेडल वर येतं आणि थोड्या वेळानं पुन्हा खाली जातं, तेव्हा आधी शूची ॲडजस्टमेंट बघायची आणि मग या व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा. पेडलवर पाय दाबून धरला आणि ते हळूहळू बुडत गेलं, बाहेर कुठं ओल नाही, तर दोष मास्टरच्या आतल्या कपात आहे.

उलटा आजारही असतो, ब्रेक सुटतच नाही. मास्टरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर तापून वाढलेलं तेल तिथून टाकीत जातं. पेडलला मोकळी चाल नसेल किंवा रबर फुगलं असेल तर ते छिद्र झाकलं जातं आणि दाब आत कोंडतो. रबर का फुगतं? तर गॅरेजात सुटे भाग डिझेलनं धुतात म्हणून. ही सवय मी अनेक ठिकाणी पाहिलीय आणि एका जीपमध्ये ती भोगलीय: पाच किलोमीटरवर चारही ड्रम हात लावू देईनात. मास्टर उघडला तर कप पावसातल्या बिस्किटासारखा झालेला.

एकच चाक धरत असेल तर रबरी होज (चाकाकडं तेल नेणारी लवचीक नळी) बघा. जुना होज आतून सुजतो आणि स्वतःच व्हॉल्व्ह बनतो. पायाच्या जोरानं तेल जातं, स्प्रिंगच्या जोरानं परतत नाही. होजचा मास्टरकडचा नट सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं आणि चाकाचं हवा काढायचं निपल उघडताच सुटलं, तर दोष होजचा.

या सगळ्यात जीपचा स्वतःचा खोडकरपणा आहे. विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीपची मूळ रचना लढाईच्या काळातली, 1941 ची. त्यातला मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला बसवलेला. तेल घालायला फळीतलं झाकण काढावं लागतं. आपल्याकडं महिंद्रानं तोच वारसा पुढं चालवला. दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि वर मराठवाड्याची धूळ. गळलेलं तेल धुळीत मुरतं, नुसता काळा चिखल दिसतो. मागच्या ड्रममध्ये ओल असेल तर ती ॲक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइलही असू शकतं. त्याचा एक थेंब पाण्यात टाकून बघा: ब्रेक ऑइल मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच सर्किट, म्हणजे तेलाची एकच वाट, एक कप फाटला की सगळंच गेलं. अमेरिकेत 1968 पासून दोन स्वतंत्र सर्किटं सक्तीची झाली आणि त्यांच्यासोबत एखादं सर्किट गळालं की दिव्यानं सांगणारा व्हॉल्व्ह आला. जीपचा हँडब्रेक मात्र पहिल्यापासून वेगळा, तारेचा, गिअरच्या मागच्या शाफ्टवर. फोर्डला तो आवडला असता.

हल्ली पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (ड्रमऐवजी चकती, तिला दोन्हीकडून दाबणारे पॅड) बसवून घ्यायची टूम आहे. मास्टर जुनाच ठेवतात आणि मग तक्रार येते की डिस्क तापते, ॲव्हरेज पडतं. डिस्कच्या पॅडना मागं खेचणाऱ्या स्प्रिंगा नसतात. ड्रमसाठी राखलेला तो 10 पौंडांचा दाब पॅड घासत ठेवतो. पुढच्या लाइनला तो मिळता कामा नये, मागच्या ड्रमला मात्र हवाच. म्हणजे तिथं दोन सर्किटांचा मास्टर लागतो.